कुणाची पंचवीस मिनिटं?

दर काही आठवड्यांनी तोच वाद नव्यानं पेटतो. कुणीतरी एक चकचकीत व्हिडिओ टाकतं: कामावरून दमून आलात? काळजी नको, वीस-पंचवीस मिनिटांत असं जेवण करा की घरातले बघतच राहतील. खाली लगेच दोन फळ्या पडतात. पहिली म्हणते, वेळ नाही म्हणणाऱ्यांना फोन चाळायला रोज दोन तास मिळतात, शेगडीपाशी उभं राहायला पंचवीस मिनिटं मिळत नाहीत. सगळा आळस आहे. दुसरी म्हणते, दिवसभर राबून आलेल्या माणसानं घरी येऊन स्वयंपाकही दिमाखदार करायचा, ही कुठली जबरदस्ती? बाहेरून मागवा आणि मोकळे व्हा. मग आळस विरुद्ध गुलामी असा सामना रंगतो आणि शेवटी कुणीतरी कुणाची तरी आई काढतं.

मला दोन्ही बाजूंचं एकच खटकतं. दोघंही त्या पंचवीस मिनिटांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. एकाला ती थोडी वाटतात, दुसऱ्याला फार. पण ती मोजली कुणी, कुठून कुठपर्यंत मोजली आणि त्यात कुणाकुणाचा वेळ धरला, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कामाच्या दिवशी घरी झटपट जेवण करणं शक्य आहे, चांगलंही आहे, मी स्वतः करतो. पण 'किती मिनिटांत?' हा प्रश्न फसवा आहे. 'कुणाची मिनिटं?' असं विचारलं की निम्मा वाद जागीच गळतो. आणि 'झटपट'च्या शेजारी 'छाप पाडणारं' हा जो शब्द ऐटीत येऊन बसलाय, त्याला कामाच्या दिवशी तरी पाटावरून उठवायला हवं.

आधी मिनिटांचा हिशेब. पाककृतीच्या डोक्यावर छापलेला वेळ सहसा चिरलेल्या कांद्यापासून सुरू होतो. साहित्याच्या यादीत 'दोन कांदे, बारीक चिरून' असं लिहिलं की चिरण्याचा वेळ यादीच्या खात्यात जातो, कृतीच्या खात्यात येतच नाही. लसूण सोललेला, पालेभाजी निवडून धुतलेली, सुरीला धार, ओटा रिकामा, कढई घासून हाताशी: ही सगळी जय्यत तयारी गृहीत धरलेली असते. चित्रीकरणाच्या स्वयंपाकघरात ती करायला पगारी माणसं असतात. घरात ती कोण करतं?

2012 साली टॉम स्कोका या अमेरिकी पत्रकारानं या लबाडीवर नेमकं बोट ठेवलं. कांदा मऊ आणि गडद तपकिरी व्हायला पाच ते दहा मिनिटं लागतात, असं पाककृती लिहिणारे बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. त्यानं स्वतः परतून पाहिलं, तर पाऊण तासाच्या आसपास लागला. यात परतणाऱ्याचा ढिलेपणा नाही. कांद्यात बहुतांश पाणीच असतं, आणि ते पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर चढत नाही. खमंग रंग भराभर धरतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी उडायला हवं, आणि घाई करून आच वाढवली तर कडा करपतात, आतला भाग तसाच राहतो. खरी गंमत पुढेच आहे. 2017 मध्ये त्याच्या लक्षात आलं की एका मोठ्या शोधयंत्राला हाच प्रश्न विचारला तर ते ठळक अक्षरांत 'सुमारे पाच मिनिटं' असं उत्तर देतंय, आणि आधार म्हणून चक्क त्याचाच लेख दाखवतंय! खोडून काढण्यासाठी त्यानं जे वाक्य उद्धृत केलं होतं, तेवढंच यंत्रानं उचललं होतं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वाढायलाही आता माणूस लागत नाही.

हा हिशेब मी एकदा घरीच करून पाहिला. एका बुधवारी 'पंचवीस मिनिटांत' असा मथळा असलेली कृती निवडली: टोमॅटो आणि भरपूर लसणाच्या दाट रश्शात उकडलेला राजमा, त्यावर फोडलेली अंडी, झाकण ठेवून बलक जेमतेम धरेपर्यंत. फोनवर स्टॉपवॉच लावलं, ते दारातून आत पाऊल टाकल्यापासून ओटा पुसून फडकं वाळत घालेपर्यंत. फक्त जेवायला बसलो तेवढा वेळ थांबवलं. पहिली नऊ मिनिटं सकाळची भांडी सिंकमधून बाहेर काढण्यात गेली, कारण हवी ती कढई अर्थातच सगळ्यांच्या तळाशी होती. लसूण सोलायला सहा. त्यातली एक पाकळी निसटून ओट्याखाली गेली ती अजून सापडलेली नाही. टोमॅटो पुरतील की नाही हे फ्रिजचे सगळे कप्पे उचकून ठरवण्यात तीन. शेगडीवरचा वेळ मात्र खरोखरच सव्वीस मिनिटं भरला. तेवढ्यापुरती कृती प्रामाणिक होती. शेवटी भांडी, ओटा आणि शेगडीवर उडालेले टोमॅटोचे शिंतोडे निस्तरून घड्याळ थांबवलं तेव्हा आकडा होता 71.

ताट झकास दिसत होतं. मी खुशीत जाहीर केलं की पंचवीस मिनिटांचं जेवण फार तर सत्तर मिनिटांत होतं, एवढाच काय तो फरक. बायको हसली नाही. म्हणाली, "आणि राजमा काल रात्री भिजत कुणी घातला? सकाळी निघायच्या आधी उकडून फ्रिजमध्ये कुणी ठेवला?"

त्या 71 मध्ये तो वेळ नव्हताच. राजमा फ्रिजमध्येच उगवतो, अशी बहुधा माझी समजूत होती.

राजम्याचं उदाहरण सोयीचं आहे म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. कोरड्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं, ज्यानं पोट चांगलंच बिघडतं. दाणे काही तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळावे लागतात. मंद आचेवर नुसते तापत ठेवले तर ते लेक्टिन पुरतं जात नाही. कितीही हुशार कृती आणा, हा वेळ तुम्ही कमी करू शकत नाही. तो फार तर हलवता येतो: आदल्या रात्रीवर, सुट्टीच्या दिवसावर, डबाबंद राजमा घेतला तर कारखान्यातल्या कामगारावर, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसावर. 'झटपट' या शब्दामागे बहुतेक वेळा अशी एक बदली झालेली असते. बदलीला माझी ना नाही. ज्याच्याकडे बदली झाली त्याचं नाव हजेरीपटावर नसतं, याला आहे.

आता पलीकडच्यांची बाजू, आणि ती कच्ची मुळीच नाही. झटपट स्वयंपाक ही निव्वळ भूलथाप असती तर हा लेख दोन परिच्छेदांत संपला असता. तसं नाही. जाडी निम्मी केली की उष्णता मध्यापर्यंत पोचायचा वेळ साधारण चौथाईवर येतो, हे उष्णतेचं साधं गणित आहे. बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि पातळ काचऱ्या यांत हा फरक कुणीही पाहिलेला असतो, फक्त त्याला गणित म्हणत नाही. तव्यावर टाकायच्या वस्तूचं पाणी आधी टिपून घेतलं, तवा पुरेसा तापू दिला आणि गर्दी केली नाही, तर जे एरवी पाणी सुटून उकडत बसलं असतं ते चार मिनिटांत खरपूस होतं. प्रेशर कुकरमध्ये पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तासाचं काम पंधरा-वीस मिनिटांवर येतं. या चार गोष्टी हाताला ठाऊक असलेला माणूस आणि ठाऊक नसलेला माणूस यांच्यात रोजच्या अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. 'स्वयंपाक येत नाही म्हणून वेळ लागतो, वेळ लागतो म्हणून करत नाहीत, करत नाहीत म्हणून येत नाही' हे पहिल्या फळीचं निदान मला मान्य आहे. शिकायला हवं, आणि घरातल्या सगळ्यांनी शिकायला हवं.

दुसराही एक मुद्दा मी त्यांना देऊन टाकतो. छान दिसणारं, चविष्ट असं काहीतरी स्वतःच्या हातानं पुरं करण्यात एक समाधान आहे आणि ते फुकाचं नाही. दिवसभर ज्याचं काम कधी संपल्यासारखं वाटत नाही, ज्याच्या ईमेलला उत्तर दिलं की त्यावर आणखी दोन ईमेल येतात, त्याला संध्याकाळी एक गोष्ट सुरू होऊन संपलेली दिसते. तिचा वास येतो, ती गरम असते, कुणीतरी 'वा' म्हणतं. हा आनंद नाकारून 'पोट भरलं म्हणजे झालं' असा रूक्ष उपदेश मी करणार नाही.

पण याच झटपट स्वयंपाकाच्या जुन्या पुरस्कर्त्यांकडे पाहिलं तर आपली गाडी कुठं घसरली ते दिसतं. 1930 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले डॉक्टर एदुआर द पोमियान यांनी दहा मिनिटांच्या स्वयंपाकावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची पहिलीच सूचना प्रसिद्ध आहे: घरी पोचलात की अंगावरचा कोट उतरवायच्याही आधी पातेलंभर पाणी उकळत ठेवा, कशाला लागेल ते नंतर बघू. विद्यार्थी, कारकून, शिवणकाम करणाऱ्या मुली, ज्यांना जेवणासाठी जेमतेम तासभर मिळतो अशांसाठी त्यांनी ते लिहिलं होतं. आणि वाचवलेल्या वेळाचं काय करायचं? त्या तासातला अर्धा तास निवांत बसून कॉफी पिता यावी, हा त्यांचा हेतू होता. घाई कशासाठी, तर बसण्यासाठी. आजच्या 'झटपट आणि लाजवाब' मध्ये हे बसणं कुठं आहे? वाचलेली दहा मिनिटं लगेच वरच्या सजावटीत जातात, दुसऱ्या एका चटकदार जोडपदार्थात जातात, ताटाचा फोटो नीट यावा म्हणून दिव्याखाली टेबल सरकवण्यात जातात.

हे आजच घडतंय असंही नाही. समाजशास्त्रज्ञ जोअन वानेक यांनी 1974 मध्ये अमेरिकेतल्या गृहिणींच्या वेळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1920च्या दशकात पूर्णवेळ घर सांभाळणारी बाई आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होती. मध्ये वीज आली, नळ आले, फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं आली, डबाबंद आणि गोठवलेले पदार्थ आले. 1960च्या दशकात तो आकडा किती झाला? सुमारे 55. माझ्या म्हणण्याला छेद जाणारं एक इथं सांगायलाच हवं: स्वयंपाक आणि नंतरची आवराआवर यांचा वेळ त्यात खरोखर कमी झाला होता. पण जो कमी झाला तो खरेदी, घराची व्यवस्था, मुलांचं करणं आणि कपडे यांनी खाऊन टाकला. कपड्यांचं तर आश्चर्यच वाटावं; धुण्याचं यंत्र आल्यावर कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले. सोय आली की तिच्या मागोमाग 'आता तर सोपं आहे ना?' ही अपेक्षा येते, आणि ही अपेक्षा सोय वापरणाऱ्याच्या डोक्यावर बसते, ती शोधणाऱ्याच्या नव्हे. 'वीस मिनिटांत दिमाखदार' हा मथळा नेमकं हेच करतो. कालपर्यंत दमून आल्यावर साधं काहीतरी खाऊन झोपायला कुणाची हरकत नव्हती. आज तीच साधी वाटी बघून मनात येतं, वीस मिनिटांत एवढं होतं म्हणे, आणि आपल्याकडून तेही होत नाही.

मिनिटं वाचवण्याचा सगळ्यात गंभीर प्रयत्न झाला तो फ्रँकफर्टला. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 मध्ये तिथल्या नव्या कामगार-वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. सुमारे 1.9 बाय 3.4 मीटर. आगगाडीतल्या भोजनयानाची छोटी मुदपाकखाना-खोली आणि कारखान्यातले वेळ-हालचालींचे अभ्यास डोळ्यांसमोर ठेवून पावलं मोजली, कोरड्या जिन्नसांना ओतायला चोच असलेले डबे दिले, ओट्याच्या उंचीला फिरतं स्टूल दिलं. अशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बसवली गेली आणि आजच्या सलग ओट्याच्या स्वयंपाकघराचं मूळ तिथंच सापडतं. हेतू शंभर टक्के चांगला होता, बायकांचा वेळ वाचावा हाच. (त्या बाईंनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं की ते आखलं तेव्हा त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता की घर चालवलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणावं, तर शेळ्या बऱ्याच नीट हाकल्या गेल्या.) पण त्या खोलीत एकच माणूस मावायचा. दुसऱ्यानं हात लावायचा म्हटलं तर कोपर कोपराला लागायचं. कमीत कमी पावलांत एकटीनं सगळं उरकायचं, हे त्या नकाशातच लिहून ठेवलेलं होतं. 'किती मिनिटांत' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अप्रतिम दिलं, 'कुणाची' हा प्रश्न नकाशाच्या बाहेरच राहिला. आजचे व्हिडिओ पाहा: तेच दृश्य. एक ओटा, एक जोडी हात. भाज्या चिरणारे हात वेगळे, भांडी घासणारे वेगळे, असं तिथं कधी दिसतं का?

उलट छाप पाडणारं जेवण म्हणजे काय असतं, याचा एक जुना मासला माझ्या फार आवडीचा आहे. दनी पापँ या फ्रेंच संशोधकानं 1679 मध्ये प्रेशर कुकरचा पूर्वज तयार केला, आणि 12 एप्रिल 1682 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या काही सदस्यांसाठी त्यातच शिजवलेली मेजवानी झाली. त्या सदस्यांपैकीच एक, जॉन इव्हलिन यांनी रोजनिशीत तिचं रसभरीत वर्णन केलंय: मासे, मांस, कडक हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झालेली, आणि तेही अगदी थोड्या कोळशावर. कमी वेळ, कमी इंधन, पाहुणे थक्क. आजच्या मथळ्याला यात काय कमी आहे? फक्त ती मेजवानी होती. मुद्दाम जमलेल्या विद्वानांसाठी, एक दिवस. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यावर त्याच माणसानं पुन्हा तसंच थक्क करावं, असं कुणी म्हटलं नव्हतं. भांडी कुणी घासली याची नोंद इव्हलिननीही ठेवलेली नाही, पण ते जाऊ दे.

आता दुसऱ्या फळीकडे वळतो, कारण तिचंही चुकतंच आहे. 'रोज घरी शिजवलंच पाहिजे हा नियम कुणी केला?' हा त्यांचा सवाल मात्र बिनतोड आहे. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या अवशेषांत लहान घरांपैकी अनेकांत धड स्वयंपाकघर नाही; रस्त्यावर मात्र गरम अन्न विकणाऱ्या गाळ्यांची रांग आहे. त्यातला एक तर 2020 मध्ये रंगवलेल्या ओट्यासकट आणि मडक्यांच्या तळाशी राहिलेल्या अन्नासकट पूर्ण उघडा झाला. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी शहरातला कष्टकरी माणूस संध्याकाळी बाहेरच खात होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारी मदतीनं सार्वजनिक भोजनालयं निघाली आणि 1943च्या सुमारास त्यांची संख्या 2,000 च्या वर होती. 'घरचं' ही सनातन गोष्ट आहे आणि आपल्या पिढीनं ती बुडवली, हा गळा काढण्यात काही अर्थ नाही. पीठ आपण दळत नाही, तेल गाळत नाही, मीठ बनवत नाही. मग गोठवलेले मटार वापरले की घरचेपण विटाळतं का? तोडल्यावर लगेच गोठवलेली भाजी कित्येकदा चार दिवस फ्रिजमध्ये सुकत पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा जास्त जीवनसत्त्वं राखून असते.

पण 'मागवा आणि मोकळे व्हा' मधलं मोकळं कोण होतं? मागवलेल्या जेवणातही कांदा कुणीतरी चिरलेला असतो, आणि तो माणूस त्या वेळी स्वतःच्या घरी जेवायला बसलेला नसतो. ते डबे घेऊन जिने चढणाऱ्याची संध्याकाळही संध्याकाळच असते. त्याला नीट मोबदला मिळत असेल, तर हा व्यवहार मला घरातल्या बिनहिशेबी व्यवहारापेक्षा सरळ वाटतो. पण गुलामीविरुद्ध बोलणाऱ्यानं आपली गुलामी फक्त दाराबाहेर सरकवून दिली, तर वादात जिंकल्याचा आव आणू नये. आरोग्याचा मुद्दा मी इथं लांबवत नाही. घरी शिजवणाऱ्यांचा आहार सरासरीनं बरा आढळतो, हे ठीक. पण ज्यांच्याकडे घरी शिजवायला वेळ, जागा आणि ऐपत आहे त्यांचं बाकीचंही बरंच काही बरं असतं, तेव्हा सगळं श्रेय कढईला देऊ नये.

मग करायचं काय? मला वाटतं, वाटणीचं एकक बदलायला हवं. आपण कामं तुकड्यांनी वाटतो: तू शिजव, मी भांडी घासतो. ऐकायला न्याय्य. पण 'आज काय करायचं?' हा तुकडा त्या यादीत कधीच येत नाही, आणि तोच सगळ्यात जड असतो. घरात काय शिल्लक आहे, काय उद्यापर्यंत टिकणार नाही, कुणाचं पोट बरं नाही, काय भिजवायचंय, काय फ्रीजरमधून खाली काढायचंय, हे दुपारी तीन वाजता दुसऱ्याच कामात असताना डोक्यात चालू ठेवणं म्हणजे स्वयंपाकाला आधीच सुरुवात झालेली असते. म्हणून तुकडे न वाटता अख्खी संध्याकाळ वाटावी. बुधवार ज्याचा, त्याचा तो पूर्ण बुधवार: ठरवण्यापासून फडकं वाळत घालण्यापर्यंत. बाकीच्यांनी त्या दिवशी खरोखर पाहुण्यासारखं वागावं, सूचना न देता. आणि कामाच्या दिवसांना ठरलेले चार-पाच पदार्थ असावेत, आलटून पालटून तेच. यावर आक्षेप येणारच: कंटाळा येईल, आयुष्यातली गंमत जाईल. येईल थोडा. पण पुनरावृत्तीतूनच हात बसतो, आणि हात बसला की ती पंचवीस मिनिटं निदान चाळीसपर्यंत तरी खरी होतात. गंमत हवी त्यानं ती सुट्टीच्या दिवशी करावी, सावकाश, कांदा पाऊण तास परतत, दुसऱ्याशी गप्पा मारत. घरात एकटा राहणारा विचारेल, मी कुणाशी वाटू? त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्यानं स्वतःवर छाप पाडायचं तरी बंद करावं आणि एकदा केलेलं दोन दिवस पुरवावं, फक्त तासा-दोन तासांच्या आत उथळ भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावं. भात तर विशेषतः, त्यातले काही जिवाणू शिजवूनही बीजाणूंच्या रूपानं टिकतात आणि उबेला वाढतात.

आमच्याकडे तेव्हापासून बुधवार माझा आहे. पहिल्या दोन बुधवारी मी वेळेवर काहीतरी उभं केलं, तेही मुख्यतः अंड्यांच्या जिवावर. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा राजमा करायचं ठरवलं. मंगळवारी रात्री साडेअकराला अंथरुणावर पडल्यावर लख्ख आठवलं की तो अजून डब्यातच आहे. उठलो, अंधारात पायाला टेबल लागलं, दिवा लावला, दोन वाट्या राजमा मोजून धुतला आणि पातेल्यात पाणी घालून झाकून ठेवला. परत आलो तेव्हा बायकोनं झोपेतच विचारलं, "काय चाललंय?"

म्हटलं, "काही नाही, उद्याचं जेवण करतोय."